नव्या चेअरलिफ्टवर कसं भांडावं

तुमच्या आवडत्या स्की रिसॉर्टने नवी चेअरलिफ्ट, म्हणजे स्की करणाऱ्यांना टांगत्या खुर्चीत बसवून डोंगरावर नेणारी सोय, बसवायचं जाहीर केलं असेल, तर आधी अभिनंदन स्वीकारा. खांब रोवून, दोर ताणून, खुर्च्या टांगून लिफ्ट उभी राहायला एक उन्हाळा पुरतो. तिच्यावरचं भांडण मात्र नीट निगा राखली तर दहा हिवाळे टिकतं. म्हणून पहिल्याच दिवशी सगळा दारूगोळा उडवून मोकळे होऊ नका.

बाजू ठरवायची तर मुळीच घाई नको. आधी नकाशा पाहा. तुम्ही रोज सकाळी जिथे रांगेत कुडकुडता तिथे लिफ्ट होणार असेल, तर ती ‘काळाची गरज’ आहे. तुम्हाला आणि तुमच्या चार मित्रांनाच ठाऊक असलेल्या, दुपारपर्यंत कोरा बर्फ राखून ठेवणाऱ्या उतारावर होणार असेल, तर तो ‘डोंगराच्या आत्म्यावर घाला’ आहे. मी दोन्ही बाजूंनी भांडलेलो आहे. एकाच हिवाळ्यात, आणि एकदा तर एकाच जेवणाच्या सुट्टीत. दोन्ही वेळा माझंच बरोबर होतं.

थोडा इतिहास पाठ असावा. फार नको, समोरच्याचं बोलणं तोडण्यापुरता. जगातली पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, सन व्हॅलीत सुरू झाली. ते रिसॉर्ट उभारलं होतं युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने, आणि लिफ्टची कल्पना त्यांच्याच जेम्स करन नावाच्या इंजिनिअरची. जहाजात केळी चढवणारी यंत्रणा करनच्या माहितीची होती: फिरता दोर, दोराला आकडे, आकड्याला केळीचा घड. त्याने आकड्याच्या जागी खुर्ची लावली आणि घडाच्या जागी माणूस बसवला. ही हकीकत फार सोयीची आहे, कारण ती कुठल्याही बाजूने फिरवता येते. समर्थक असाल तर म्हणा, ‘केळ्यांपासून इथवर आलो, आता काय मागे फिरायचं?’ विरोधक असाल तर म्हणा, ‘म्हणजे पहिल्यापासून हे लोक आपल्याला केळीच समजतात!’ केळ्यांनी रांगेबद्दल तक्रार केल्याची मात्र कुठे नोंद नाही.

त्यापुढची हकीकत कमी लोकांना माहीत असते, ती खिशात ठेवा. लिफ्ट बांधण्याआधी नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात, बर्फाचा पत्ता नसताना, एका ट्रकला बाजूने खुर्ची बांधून प्रयोग झाले. चाकांचे बूट घालून माणूस उभा, ट्रक मागून येणार, खुर्ची त्याला उचलणार. किती वेगाने उचललं तर माणूस बसतो आणि किती वेगाने उचललं तर आडवा होतो, हे पाहायचं होतं. त्यानंतर जगाने बरीच प्रगती केली, पण माणसाचे गुडघे जुन्याच वळणाचे राहिले. दोराला कायमची जखडलेली खुर्ची आजही सेकंदाला अडीच मीटरच्या आसपासच चालवतात. त्याहून जोरात आली तर ती लोकांना बसवत नाही, झोपवते.

मग वेगवान लिफ्ट वेगवान कशी झाली? १९८१ साली कोलोरॅडोतल्या ब्रेकेनरिजमध्ये चार जणांची वेगवान लिफ्ट आली, सुटणाऱ्या पकडीची. खुर्ची स्थानकात शिरली की तिची पकड दोरावरून सुटते, टायरांच्या ओळीवरून खुर्ची मुंगीच्या पावलांनी सरकते, तुम्ही टेकता, पुन्हा टायर तिला पळवत दोराच्या वेगाला आणतात आणि पकड दोराला धरते. दोर तोवर आपला सेकंदाला पाच मीटरने धावतच असतो. म्हणजे कोट्यवधींची ही सगळी यंत्रणा कशासाठी? तर तुमच्या गुडघ्यांपाशी खुर्ची हळू यावी म्हणून. वेगाचं सगळं कौतुक ज्या यंत्राचं चालतं, त्याचं खरं कसब थबकण्यात आहे. हे लक्षात ठेवा, पण चारचौघांत बोलू नका. समोरच्याला पटलं तर वाद तिथेच संपेल.

आता धोक्याच्या जागी आलो. या वादात एकच गोष्ट कटाक्षाने टाळायची आहे: गुणाकार. शेजारी कुणी पेन काढताना दिसला तर विषय बदला, हवामान काढा, तेही नाही जमलं तर बर्फात पडा. कारण तो माणूस काय करील ते सांगतो.

तो म्हणेल, समजा लिफ्ट १५०० मीटर लांब आहे. चार जणांची खुर्ची, दर सहा सेकंदांनी एक. मिनिटाला दहा खुर्च्या, म्हणजे ४० माणसं, तासाला २४००. या हिशेबात वेग आला का कुठे? नाही आला. खुर्चीत माणसं किती आणि दोन खुर्च्यांत सेकंद किती, एवढंच लागलं. दोर धावू दे नाहीतर रांगू दे, तासाला २४००च.

इथे तुम्ही हसून विषय टाळायचा प्रयत्न कराल, पण पेन उघडलेलं आहे. जुनी लिफ्ट अडीच मीटरने चालते, वर जायला दहा मिनिटं. मिनिटाला ४० प्रमाणे हवेत ४०० माणसं लटकलेली. खाली यायला पाच मिनिटं धरू, म्हणजे उतारावर २००. डोंगरावर एकूण ६०० माणसं असतील तर रांग शून्य, फेरी पंधरा मिनिटांची. आता तेवढ्याच क्षमतेची झकपक वेगवान लिफ्ट लावा. पाच मिनिटांत वर! हवेत २००, उतारावर २००. उरलेली २०० माणसं कुठे गेली? ती खाली रांगेत उभी आहेत आणि नवी लिफ्ट काय झकास आहे ते एकमेकांना सांगतायत. पाच मिनिटं रांगेत, पाच लिफ्टवर, पाच उतारावर. फेरी पंधरा मिनिटांचीच. फरक इतकाच की पूर्वी ती पाच मिनिटं तुम्ही झाडांचे शेंडे बघत बसून काढत होता, आता उभ्याने काढता, मागच्याची स्की आपल्या स्कीच्या शेपटीवर घेऊन.

गर्दी नसेल तेव्हा वेगवान लिफ्ट खरोखरच दहा मिनिटांत फेरी घालते, हे कबूल केलं पाहिजे. थंडीचा कडाका असेल तर हवेत निम्माच वेळ लटकावं लागतं, हेही खरं. पण ज्या दिवशी गर्दी नसते त्या दिवशी भांडायलाही कुणी नसतं, तेव्हा तो मुद्दा इथे गैरलागू समजावा.

यावर कुणीतरी नक्की उसळेल, ‘मग सहा जणांची लावा!’ लावा की. मिनिटाला ६० माणसं. हवेत ३००, उतारावर ३००, रांग गायब, फेरी दहा मिनिटांची. टाळ्या. फक्त ज्या उतारावर काल २०० जण होते तिथे आज ३०० आहेत. रांग गेली कुठे? ती तुमच्या मागून स्की करत येतेय, तिला वळता येत नाही आणि ती ओरडतेय, ‘बाजूला व्हा!’ लिफ्ट म्हणजे पोहरा आणि उतार म्हणजे आड. पोहरा मोठा आणला म्हणून आडाला जास्त पाणी लागत नाही, एवढी साधी गोष्ट आपल्या पूर्वजांना चेअरलिफ्ट न बघताच कळली होती. आणि हे सगळं ६०० माणसं ६००च राहिली तर. रांग नसते ही बातमी मात्र लिफ्टपेक्षा जोरात धावते.

म्हणून सांगतो, गुणाकार नको. ‘मला वाटतं’, ‘मी वीस वर्षं बघतोय’ आणि ‘सगळ्यांना माहीत आहे’ ही तीन वाक्यं भक्कम आहेत, त्यांवर भिस्त ठेवा.

आकडे लोकांच्या हाती लागले की काय होतं हे युटा राज्यातल्या पार्क सिटीत २०२२ साली दिसलं. रिसॉर्ट चालवणाऱ्या व्हेल रिसॉर्ट्स कंपनीला दोन लिफ्ट बदलायच्या होत्या: एका ठिकाणी सहा जणांची, दुसऱ्या ठिकाणी आठ जणांची. परवानगी मिळालेली. मग चार रहिवाशांनी अपील केलं. डोंगरावर आरामात मावतील अशी माणसं किती, हा आकडा तुम्ही कसा काढलात, आणि त्यांच्या गाड्या कुठे उभ्या राहणार, असे दोन प्रश्न विचारले. बघा, वाद बर्फाचा आणि घोडं अडलं पार्किंगमध्ये. नियोजन आयोगाने अपील करणाऱ्यांची बाजू घेतली आणि परवानगी रद्द झाली. या प्रसंगातून विरोधकांनी स्फूर्ती घ्यावी, समर्थकांनी धडा घ्यावा. पुढचं मात्र कुणीच सांगत बसू नये. त्या लिफ्ट काही वितळल्या नाहीत. त्यांचं सामान कॅनडात व्हिस्लर ब्लॅककॉम्बला गेलं आणि तिथल्या डोंगरावर उभं राहिलं. तेव्हा अपील करताना मनाची तयारी ठेवा: तुम्ही हाकललेली लिफ्ट दुसऱ्याच्या दारात सुखाने नांदेल, आणि एखाद्या हिवाळ्यात तुम्हीच तिकीट काढून तिच्यावर बसाल. बसलात तर वर जाताना ‘वाईट नाही’ एवढंच म्हणा.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण हवं असेल तर व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन. तिथे १९४८ सालची लिफ्ट आहे आणि तिच्या खुर्चीत एकच माणूस बसतो. एक. १९९५पासून ते रिसॉर्ट तिथल्या स्कीअर मंडळींच्या सहकारी संस्थेच्या मालकीचं आहे. म्हणजे स्की करणारेच मालक. लिफ्टवर वाद घालायला याहून उत्तम सोय कुठे मिळणार? जुनी लिफ्ट थकली तेव्हा दोन जणांची नवी लावणं सहज शक्य होतं. सभासदांनी ठरवलं की एकट्याचीच ठेवायची. मग खांब उतरवून, खरवडून, रंगवून पुन्हा उभे केले आणि २००७ साली तीच लिफ्ट नव्याने सुरू झाली. बाहेरून बघणाऱ्याला हा निव्वळ हट्ट वाटतो. पण विचार करा. मिनिटाला मोजकीच माणसं वर पोचतात, म्हणून खालचा बर्फ टिकतो. शिवाय एकट्याच्या खुर्चीत शेजारी नसतो, त्यामुळे लिफ्टबद्दलची मतं ऐकावी लागत नाहीत. शांततेची ही किंमत त्या सभासदांनी हिशेबात धरली असणार, नाहीतर एवढा खर्च कोण करतो.

हे उदाहरण तुम्ही वापरणार असाल तर शब्द सांभाळा. ‘मला ताजा बर्फ एकट्याला हवा’ असं कधी म्हणू नये. ‘वारसा’ म्हणावं. ‘अनुभव’ म्हणावं. ‘हळू लिफ्ट ही चाळणी आहे, खऱ्या प्रेमिकांनाच वर नेते’ असं म्हणताना आवाज किंचित घोगरा काढावा. दोन जणांच्या जुन्या लिफ्टचं कौतुक करताना ती गेल्या वर्षी मधेच बंद पडली तेव्हा तुम्ही तिला काय काय म्हणाला होतात ते आठवू नये.

आता खुर्ची किती रुंद असावी हा पोटवाद. आठ जणांची पहिली लिफ्ट १९९७ साली नॉर्वेत आली; उत्तर अमेरिकेला त्यासाठी २०१८पर्यंत थांबावं लागलं, मग माँटानातल्या बिग स्कायने ती बसवली. कागदावर आठ म्हणजे आठ. रांगेत आठ म्हणजे एक कुटुंब तिघांचं, जे फुटणार नाही. एक टोळकं चौघांचं, जे कुणात मिसळणार नाही. आणि एकटा एक, जो मघापासून ‘मी येऊ का?’ असं डोळ्यांनी विचारतोय आणि ज्याच्याकडे सातही जण बघत नाहीत. लिफ्टवरचा कामगार बोटं दाखवत ‘पाच! तीन! पाच, तीन!’ ओरडत असतो. पाचांना ते चार आहेत असं वाटतं, तिघांतला एक हातमोजा शोधायला मागे वळतो आणि आठांची खुर्ची तिघांना घेऊन, मधली पाच आसनं वाऱ्यावर हलवत, दिमाखात वर निघते. हे बघून रांगेतले सगळे एकमुखाने म्हणतात, ‘क्षमता कमी पडतेय. दहा जणांची हवी.’ तुम्हीही म्हणा.

आणि बार. खुर्चीपुढचा तो सुरक्षेचा दांडा. एक पंथ असा की बूड टेकताच बार खाली. दुसरा पंथ असा की बार खाली घेणं हा आपल्या शौर्याचा अपमान. दोन्ही पंथांचे लोक एका खुर्चीत आले की काय होतं? पहिला न सांगता बार ओढतो, दुसऱ्याच्या हेल्मेटवर टण्‌कन आवाज होतो आणि उरलेला प्रवास मौनात पार पडतो. जुन्या लिफ्टवर हे मौन दहा मिनिटांचं असतं, नव्यावर पाच. समर्थकांनी हा मुद्दा अजून कसा वापरला नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

खुर्चीवर ओढून घ्यायची काचेसारखी टोपी आणि गरम गादी या विषयावर फार वेळ दवडू नका. २०१० साली युटातल्या कॅनियन्स रिसॉर्टमध्ये नारिंगी टोपीची, ऊबदार आसनांची लिफ्ट आली, तेव्हापासून बाकीचे सगळे थंड बुडाने भांडतायत. विरोध करायचा असेल तर ‘मग घरीच बसा ना’ असं म्हणा; हे वाक्य गरम गादीवर बसूनही म्हणता येतं. मी म्हटलेलं आहे.

वाऱ्याचा मुद्दा राखून ठेवा, तो हुकमाचा एक्का आहे. नवी लिफ्ट पहिल्यांदा वाऱ्यामुळे बंद राहील त्या सकाळी, आणि ती सकाळ येणारच, तुम्ही खाली स्थानकाशी उभे राहून कुणाकडेही न बघता फक्त एवढंच म्हणा: ‘जुनी असती तर चालली असती.’ खरंच चालली असती का? कुणी सिद्ध करू शकत नाही, कारण जुनी आता नाही. असे मुद्दे फार थोडे असतात, ते जपून वापरावेत. यंत्रणेचंही तसंच. सुटणाऱ्या पकडीच्या लिफ्टला टायर, पट्टे, सेन्सर असा मोठा संसार असतो, त्यातला एक रुसला की सगळी खुर्च्यांची वरात खोळंबते. जखडलेल्या खुर्च्यांचं यंत्र साधं. पण साधेपणाचेही लाड असतात: पकड एकाच जागी दोराला चावत राहू नये म्हणून अधूनमधून प्रत्येक खुर्ची दोरावर थोडी पुढे सरकवावी लागते. हे काम करणारे लोक वादात कधीच भाग घेत नाहीत. त्यांना विचारूही नका, ते उगाच माहिती देतात.

सार्वजनिक बैठक झाली तर मागच्या ओळीत बसा आणि सगळे थकल्यावर हात वर करा. ‘प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे’ अशी सुरुवात करून बारा मिनिटं बोला. व्यवस्थापनाचा माणूस वहीत काहीतरी लिहून घेईल. लिफ्टची ऑर्डर त्याआधीच गेलेली असते, पण त्याच्या लिहिण्याला मान द्या, त्यालाही बैठक पार पाडायची आहे.

एवढं सगळं होऊन नवी लिफ्ट उभी राहीलच. तेव्हा शेवटचं काम उरतं, आणि ते दोन्ही बाजूंनी मिळून करायचं असतं. जुन्या लिफ्टच्या खुर्च्या रिसॉर्ट विकायला काढतं. पहाटेच रांगेत उभे राहा. रांगेत सगळ्यात पुढे ते असतील ज्यांनी ‘हा भंगार माल काढा’ म्हणून सह्यांची मोहीम चालवली होती. त्यांच्या मागे ते, ज्यांनी ‘हात लावाल तर याद राखा’ म्हणून चालवली होती. कुणीही घासाघीस करणार नाही. दोन जणांची, रंग उडालेली, गादी फाटलेली खुर्ची घरी आणा आणि अंगणात मजबूत आडव्या दांड्याला टांगा. जमिनीपासून दीड फूट पुरे.

मग इतकी वर्षं ज्याच्याशी भांडलात त्याला बोलवा. दुसरं आसन त्याच्यासाठीच आहे. दोघं टेकलात, खुर्ची जरा मागेपुढे झाली, की लगेच नव्या लिफ्टचा विषय काढू नका. आधी बार खाली घ्यायचा की नाही ते ठरवा.